आईच्या पूर्ण बाह्या

मंडळी, आत्ताच आईले नागपूरच्या दवाखान्यातून पांढुर्ण्याले घेऊन आलो. मन लागून नाही राहिलं, म्हणून लिहून राहिलो.

आईची कंबर कित्येक वर्षांपासून दुखते. सकाळी खाटेवरून उठवत नाही, पण कामाले लागली की मोकळी होते. एक्स-रेत काही निघालं नव्हतं. आम्ही म्हटलं, वयाचं असंन.

आज नवीन डॉक्टरबाईंनी विचारलं, "मावशी, एवढ्या गर्मीत पूर्ण बाह्यांचा ब्लाउज का?"

आई माझ्याकडं पाहत राहिली. मग हळूच बाही वर केली. कोपरावर सोरायसिसचे लाल, खवल्यांचे चट्टे होते. मी ते पहिल्यांदा पाहिले.

"याच आजारानं मणक्यालाही सूज येऊ शकते," असं सांगून त्यांनी एमआरआय करायला लावला. एक्स-रेत न दिसलेली सूज त्यात दिसली.

परतताना मी विचारलं, "आई, सांगितलं काऊन नाही?"

"तुह्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. लोक म्हणतीन, घरात रोग आहे."

"तिच्या लग्नाले तर किती वर्षं झाली!"

"मग तुहं राहिलं होतं."

तुमच्या घरात भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालणारं कोणी आहे काय? आजच तिच्याजवळ बसून विचारा, कंबर कशी आहे म्हणून.