सौंसरच्या बाईंची टीव्हीवाली

मंगळवारी सौंसरला अडकलो. निघालो होतो पांढुर्ण्याहून लोधीखेड्याला, पण वाटेत गाडीची क्लच केबल तुटली. मेकॅनिक म्हणाला, "दोन घंटे लागतीन भाऊ."

मला दोन तास एका जागी बसता येत नाही. शाळेतही बसता आलं नाही, म्हणून तर दहावीनंतर सुटलो... सरळ मागच्या गल्लीत शिरलो. तिथं एका ओट्यावर एक म्हाताऱ्या बाई जाडजूड वहीतून सुटलेला जुना कागद परत चिकटवत होत्या. कागदावर एका गोऱ्या बाईचा जुना फोटो. मी थांबलोच.

"उभा राहून काय पाहून राहिला? बस. पण हात नको लावू, खळ ओली हाये," त्या म्हणाल्या.

रिटायर मास्तरीण. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणतं. आणि वहीतली ती कोण? "माही टीव्हीवाली," बाई म्हणाल्या, जणू शेजारच्या घरातलीच...

गोष्ट अशी. बाईंच्या वडिलांचा पांढुर्ण्याला संत्र्याचा व्यापार होता. पेट्या भरायला नागपुराहून रद्दी यायची, त्यात कधीकधी अमेरिकन मासिकं. गुळगुळीत कागदात संत्र्याला घाम फुटतो म्हणून ती पानं बाजूला पडायची, आणि बाई ती उचलायच्या.

त्या पानांतून एका अमेरिकन बाईचं आयुष्य त्यांनी गोळा केलं. तेही तुकड्यातुकड्यानं, उलटसुलट. कुठं नाव फाटलेलं, कुठं अर्धा चेहरा गेलेला... डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावायच्या.

मक्याच्या शेतावरची मुलगी. आधी रेडिओवर पिठाच्या जाहिराती गायची. मग टीव्ही आला. रेडिओवाले म्हणाले, तो डबा कोण पाहणार, जाऊ नको... ती गेली.

तेव्हा सगळं थेट चालायचं, चुकलं तर लोकांसमोर चुकलं. एकदा गाणं चालू असताना मागची देखाव्याची लाकडी भिंत तिच्यावर कलली. तिनं एका हातानं भिंत धरली, हसली, आणि गाणं पुरं केलं. हे सांगताना बाईंनी स्वतःचा हात असा मागं धरला की मीच भिंतीकडं पाहिलं...

"वर्गात सांगत जाओ मी हे. पोरी विचारत, बाई, त्या डब्यात ते मावते कशी? मले कुठं माहीत होतं? मी म्हणो, बसते अंग चोरून."

मी हसत होतो, तेवढ्यात बाईंनी शेवटचं पान उघडलं. टीव्हीवालीचा कार्यक्रम बंद झाला होता. वय झालं म्हणून. मग ती एका लहान गावच्या टीव्ही केंद्रावर गेली, स्वतः झाडू मारला, आणि दुपारच्या वेळी घरच्या बायकांसाठी नव्यानं कार्यक्रम सुरू केला.

"हे पान नसतं तं मी घरी बसली असती," बाई म्हणाल्या.

छप्पन साली राज्यं नवी झाली तेव्हा त्या नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं, आपण इकडं मध्य प्रदेशात राहिलो, राजधानी भोपाळ. नोकरी टिकवायची तर हिंदीची परीक्षा द्या म्हणाले. बाई नापास झाल्या. घरचे म्हणाले, झालं ना आता, लग्न कर. त्याच आठवड्यात रद्दीत हे पान सापडलं... बाई पुन्हा बसल्या, पास झाल्या आणि पुढं आयुष्यभर शिकवलं.

"तिचं पुढं काय झालं ते नाई सापडलं मले. तुह्या मोबाईलात पाह्य बरं."

माझं इंग्रजी यथातथाच. पण फोटो काढून शोधता येतं. पहिल्या पानांचा फोटो टाकला, नाव आलं, भिंतीचा किस्साही आला. मग नाव फाटलेल्या शेवटच्या पानाचा टाकला.

नाव दुसरंच आलं.

तीनदा पाहिलं. दोन वेगळ्या बाया होत्या. भिंत धरणारी एक, झाडू मारणारी दुसरी. पहिलीनं तर कार्यक्रम बंद झाल्यावर लग्न करून काम सोडलं होतं...

खरं सांगतो, फोन खिशात टाकून पळावंसं वाटलं. ज्या पानाच्या जोरावर त्या उभ्या राहिल्या, तेच पान त्यांच्या टीव्हीवालीचं नव्हतं. 'रेंज नाही' म्हणालो असतो तर चाललं असतं.

"काय झालं? मेली का?"

"मेल्या तर असतीलच बाई, पण... दोघी होत्या त्या."

बाईंनी चष्मा पुसला. दोन्ही फोटो शेजारी धरले, एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं.

"नाक वेगळंच हाये बापा," शेवटी म्हणाल्या. "आमाले सगळ्या गोऱ्या बाया सारख्याच दिसत."

मी उठायच्या बेतात होतो.

"सत्तर वर्सं हिचं काम तिच्या नावावर सांगत आली मी. बरोबर नाई झालं ते." बाईंनी वहीचं कोरं पान काढलं. पेनाचं टोपण दातानं ओढलं. "काय नाव म्हनलं दुसरीचं? सावकाश सांग."

मी एकेक अक्षर सांगितलं. त्यांनी फळ्यावर लिहावं तसं मोठं, सरळ लिहिलं, आणि म्हणाल्या, "आता जन्मापासून वाच."

मेकॅनिकचे चार फोन येऊन गेले. शाळेत एक धडा पुरा न वाचलेला मी, मोबाईलवर मराठीत करून करून एका अनोळखी बाईचं आयुष्य दीड तास वाचत बसलो... मधेच त्या थांबवायच्या, "हे परत सांग," म्हणून लिहून घ्यायच्या.

चूक कळली की आपण आधी स्वतःला सावरतो. बाईंना आधी ती दुसरी आठवली, जिचं देणं राहून गेलं होतं. अशा मास्तरीणबाईंच्या वर्गात मला एक दुपार बसायला मिळालं... माझी खरी शाळा तेवढीच.