न बसवलेली नळी

हे सांगायचं मी तीन वर्षं टाळलं. घरात ट्रकचा विषय निघाला की उठून गोठ्याकडे जायचो. आता लिहितो, कारण गावात अजूनही जे बोललं जातं ते खोटं आहे आणि ते माझ्याच तोंडून निघालेलं आहे.

पलटणीत मी सव्वीस वर्षं गाड्या चालवल्या. घरी आल्यावर लष्कराच्या लिलावातला एक जुना छोटा ट्रक घेतला, पेट्रोलवरचा. वाईजवळच्या आमच्या गावातून पाचगणीच्या स्ट्रॉबेरीवाल्यांना शेणखत पोचवायचो. पेट्रोल मात्र एकाच कंपनीचं. पलटणीत तेच असायचं, एवढंच कारण. त्यासाठी जवळचे दोन पंप सोडून उलट्या दिशेला जायचो.

ट्रकचं काम माझा लहानपणचा दोस्त बघायचा. गावातला मेकॅनिक, सातवीपर्यंत शिकलेला. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं तसा तो माझ्या मागे लागला.

"गड्या, ही पेट्रोलची नळी जुन्या रबराची हाय. आतनं फुगती, मग चिरती. इथेनॉल सोसणारी नवी टाकू."

"इथेनॉल कशाचं रं? आपल्याच उसाचं न्हवं? माझा ऊस माझ्याच गाडीची नळी खातोय व्हय?"

"ऊस तुझा आसंल. रबराला काय म्हाईत कुणाचा ऊस?"

मी हसलो, पण मनात पाल चुकचुकली. म्हणून मी माझ्या अकलेनं उपाय काढला. साधं पेट्रोल बंद केलं आणि पंच्याण्णव ऑक्टेनचं महागडं घालू लागलो. भारी माल म्हणजे शुद्ध माल, असा माझा हिशेब. दोस्ताला ते कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला.

"आकडा मोठा म्हंजी गाडीला ताकद न्हाई येत रं. तो नव्या इंजिनांसाठी. आपल्या म्हाताऱ्याला साधंच पुरतंय. आन् इथेनॉल त्यातबी हाय."

"सव्वीस वर्षं गाड्या कुणी चालवल्या? तू का म्या?"

"चालवल्या तू. उघडल्या म्या."

ते मला लागलं. त्यानंतर नळीचं नाव काढलं की मी विषय बदलायचो.

एका सकाळी मी पाचगणीला निघालो होतो. तो स्वतःच नवी नळी घेऊन दारात आला. "धा मिनिटं दे फकस्त," म्हणाला. मी म्हणालो, "आल्यावर बघू." त्यानं नळी कागदात गुंडाळून समोरच्या कप्प्यात ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. "मग मीबी येतो. वाटंत काय झालं तर?"

पसरणीच्या घाटात अर्ध्यावर पेट्रोलचा वास आला. मी गाडी कडेला घेतली तोवर बॉनेटच्या फटीतून धूर निघाला, मग जाळ. माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात. इतकी वर्षं गाड्यांत काढलेला माणूस मी, नुसता बघत बसलो. त्यानं उडी टाकली, मागच्या शेणखतावरचं ओलं पोतं ओढलं, बॉनेट वर केलं आणि जाळावर पोतं दाबलं. आग विझली. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले होते.

मागच्या गाड्या थांबल्या. आमच्याच गावचा एकजण मोटारसायकलवरून उतरला. "आवं, काय झालं हे?"

मी म्हणालो, "ह्यानंच परवा नळी बसवली."

हे वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं, मला आजही कळलेलं नाही. मला कुणी दोष दिलेला नव्हता. मी आधी काही ठरवलेलंही नव्हतं. ते ऐकून सगळ्यात आधी मीच हादरलो. तो भाजलेले हात पुढे धरून उभा होता. आता हा सगळ्यांसमोर खरं बोलणार, म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला कुठं भाजलं न्हाई न्हवं?"

ट्रक ओढून घरी आणला त्याच संध्याकाळी मी कप्प्यातली नळी काढली आणि शेणखताच्या ढिगात पुरली.

पुढचं सगळं गावानं केलं, पण सुरुवात माझी. त्याच्याकडं गाडी दिली की पेटते, असं लोक म्हणू लागले. हात बरे झाले तरी मोटारसायकलसुद्धा कुणी त्याच्याकडे नेईना. वर्षभरात गॅरेज बंद करून तो सांगलीला लेकीकडे गेला. खरं काय ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. लेकीलाही नाही.

एकदा मी सांगलीला गेलो. त्याची बोटं पुरती वळत नव्हती. चहाचा कप तो दोन्ही तळव्यांत धरत होता. माझे शब्द तयार होते. सातारा ते सांगली एसटीत मी तेच घोकत गेलो होतो. त्यानं विचारलं, "आता कुठलं घालतोस?" मी म्हणालो, "साधं. जवळच्याच पंपावरचं." तो खूश झाला. मग तासभर आम्ही पेट्रोलवरच बोललो. लेक म्हणाली, "काका, जेवूनच जावा." तिच्याकडे बघवेना म्हणून मी एसटीची वेळ सांगून उठलो.

गेल्या चैत्रात तो गेला. एसटीत घोकलेलं होतं ते एवढंच:

गड्या, तू नळी घेऊन दारात आला हुतास, म्या बसवू दिली न्हाई. आन् लोकांम्होरं तुझं नाव घेतलं. खोटं बोललो. तुझे हात माझ्यामुळं गेले, तुझं कामबी माझ्यामुळं गेलं. माझं चुकलं. मला माफ कर.