आमासाटी

त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं. ह्यांना तारापूरकडच्या मोठ्या बांधकामावर गवंड्याचं काम मिळालं, म्हणून वसईचं गाव सोडून आम्ही पाम गावात भाड्याच्या खोलीत राहायला आलो. नीट बस्तान बसायच्या आतच ह्यांना तापाने धरलं. पालघरच्या डॉक्टरांनी औषधं करून पाहिली, मग एके दिवशी माझ्याकडे न बघताच म्हणाले, घरी न्या. ताप डोक्यात गेला होता. हे अधूनमधून डोळे उघडत, पण बोलत नसत. मला ओळखतात की नाही, तेही कळेना. जगवत नसशील तर निदान जाण्याआधी एकदा त्यांचा आवाज ऐकव, एवढंच मी देवाकडे मागितलं होतं. तेही मिळेना, तेव्हा मी रुसले, अगदी लहान पोरीसारखी.

पामच्या आसपास आमची ख्रिस्ती घरं थोडीच. चर्च लांब, फादर कधीमधी येत. म्हणून मे महिन्यात संध्याकाळी सगळे रस्त्याकडेच्या क्रुसापाशी जमून लदीन म्हणत. म्हातारी कतरीनमावशी एकेका संताचं नाव घेई आणि बाकीचे उत्तर देत, ‘आमासाटी विनंती कर.’ शेवटी उकडलेले चणे वाटायचे, रोज एका घरचे. मरणाला टेकलेल्या माणसाजवळही लदीनच म्हणतात, फक्त एक शब्द बदलतो. ‘आमासाटी’च्या जागी ‘त्याच्यासाटी’ येतं. तो शब्द ऐकला की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं, आत काय चाललंय ते.

ह्याच घरांतल्या बायका आळीपाळीने पेज आणत होत्या, पुरुष ह्यांना कुशीवर वळवायला येत होते. मी कुणाशी धड बोलतही नव्हते.

एका संध्याकाळी अंगणात पावलं वाजली. बघते तर सगळी मंडळी, आणि पुढे कतरीनमावशी हातात लाकडी क्रूस धरून. माझं डोकंच फिरलं. दार अडवून मी ओरडले, “जिते हायेत ते अजून! मरणाची लदीन म्हणायला आलात काय?”

“मरणाची नाय गो बाय, रोजचीच हाय,” मावशी म्हणाली. “आज तुज्या घरचा दिवस. तुला क्रुसाकडं येता येत नाय, म्हणून आमीच क्रूस घेऊन आलो. चणे पण उकडून आणलेत.”

माझा विश्वास बसला नाही. दार लावून मी ह्यांच्या उशाशी बसले आणि त्या एका शब्दाकडे कान लावले. बाहेर पहिलं नाव झालं. “आमासाटी विनंती कर.” दुसरं झालं, तिसरं झालं. शब्द तोच. कुणीही ह्यांना आपल्यातून वेगळं काढलं नव्हतं. मला रडू फुटलं, आणि त्या रडण्यातच अगदी जवळून एक खरखरीत आवाज आला. “आमासाटी...” ह्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. काही नावांना त्यांनी साथ दिली, मग आवाज विरला. मी उठून दार उघडलं.

चमत्कार म्हणावा, तर त्याच आठवड्यात हे गेले. नाही म्हणावं, तर मागितलेलं पदरात पडलं होतं. मी वाद घालत नाही.

माती द्यायच्या वेळी फादर पोचू शकले नाहीत. मावशीनेच लदीन सुरू केली. आता तो दुसरा शब्द येणार म्हणून मी पदराचा बोळा तोंडात धरून उभी होते. पहिलं नाव घेऊन मावशी सवयीने उत्तरही स्वतःच देऊन गेली, “आमासाटी विनंती कर.” मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “मावशे, त्याच्यासाटी.”

मावशी थांबली. खड्ड्याकडे बघत म्हणाली, “का, तो परका झाला?” आणि तिने पुढचं नाव घेतलं.

सगळ्यांनी उत्तर दिलं. कितीतरी दिवसांनी मीही दिलं. देवाने माझ्या मनासारखंच करावं हा हट्ट त्या मातीबरोबरच मी सोडला. त्या माणसांचे उपकार कसे फेडावे, मला अजून कळलेलं नाही. माझी वेळ येईल तेव्हा जे कुणी जमतील, त्यांनी तो शब्द बदलू नये, एवढंच आता देवाकडे मागते.