गोष्ट संपेपर्यंत पाय खाली नाही

जे झालं ते आधी क्रमानं लिहिते.

१. माझ्या आत्याच्या स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया झाली. सध्या बोलणं बंद, कुजबुजही नाही. पुढे आवाज येईल, पण हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा नाही.

२. लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर एक हॉल आहे. तिथे आत्या तेवीस वर्षं बायकांचा योगवर्ग घेते. शस्त्रक्रियेनंतर सहा दिवस तो मी घेतला.

३. पहिल्या दिवशी एकोणीस बायका आल्या. सहाव्या दिवशी पाच.

४. आत्यानं पाटीवर लिहिलं, "शनिवारी हॉलची किल्ली कमिटीला परत देते."

५. मंगळवारी मी रजा टाकली आणि गिरगाव, दादर, परळ करून संध्याकाळी लालबागला परत आले.

एवढ्याशा फेरीला प्रवास म्हणायचं का, असं कुणी विचारेल. या ब्लॉगवर मी लडाख लिहिलंय, हंपी लिहिलंय. तिथे इतकं अवघड गेलं नव्हतं.

माझं काम उपकरणं तपासण्याचं. दाबमापक, तापमापक, काटे बरोबर दाखवतात का ते पाहायचं, नसतील तर चूक किती ते लिहून द्यायचं. नोकरीसाठी मुंबईत आले तेव्हापासून आत्याकडेच राहते. तिच्या हॉलमध्ये घड्याळ नाही. ती आसन घ्यायला लावते आणि ते ज्याच्या नावाचं आहे त्याची गोष्ट सुरू करते. नियम एकच. गोष्ट संपेपर्यंत पाय खाली नाही.

मला गोष्टी येत नाहीत. म्हणून मी तक्ता केला. वृक्षासन, म्हणजे तिच्या वर्गात भगीरथाचं, प्रत्येक पायावर तीस सेकंद. वीरभद्रासन चाळीस. फोनवर गजर लावला. तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेतून आवाज आला, "कुकरची शिट्टी झाली गं, गॅस बंद करा." सगळ्या हसल्या. चौथ्या दिवशी त्यातल्या निम्म्या आल्या नाहीत.

किल्लीचं वाचल्यावर मी आत्याला म्हटलं, मला गोष्टी लिहून दे, मी पाठ करते. तिनं पाटी पुसली आणि लिहिलं, "लिहून उपयोग नाही. इंदूताई, हेमा, शेवंताकाकी. त्यांना विचार." खाली आणखी एक शब्द होता, "अष्टावक्रा." हे माझं घरातलं नाव. अष्टावक्रानं आईच्या पोटातूनच बापाच्या पाठातल्या चुका काढल्या होत्या आणि त्याबद्दल शाप मिळून आठ ठिकाणी वाकडा झाला. लहानपणी मी आत्याचे पाढे दुरुस्त करायचे.

गिरगाव

लालबागहून सकाळी सव्वासातच्या आत बस पकडली तर बसायला जागा मिळते आणि अर्ध्या-पाऊण तासात गिरगाव येतं. आठनंतर निघालात तर भायखळ्याच्या पुलावर बसून राहाल. उतरल्यावर कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. तिखट आहे, पण सकाळी रस्सा ताजा असतो.

इंदूताई शहात्तर वर्षांच्या. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्या, पूर्वी लालबागला आमच्याच मजल्यावर राहायच्या आणि आत्याच्या दुपारच्या वर्गाला यायच्या. आता लेकाकडे असतात, तिसरा मजला, लाकडी जिना. कठडा धरून चढा, मधल्या दोन पायऱ्या हलतात.

"आधी कॉफी," त्या म्हणाल्या. "आणि तो फोन पालथा ठेव."

"ताई, मला वेळ मोजायचाय."

"मोज. पण पालथा ठेवून मोज."

त्यांनी चौकटीला एक बोट टेकवलं, उजवं पाऊल डाव्या पोटरीला लावलं आणि सांगायला लागल्या. सगराच्या साठ हजार मुलांची कपिलमुनींच्या नजरेनं राख झाली. गंगा खाली आल्याशिवाय त्यांना गती नाही. म्हणून भगीरथ एका पायावर उभा राहिला. झाडासारखा. ऊन सोसलं, वारा सोसला. शेवटी गंगा आली, शंकरानं जटेत झेलली. पाय खाली.

चोवीस सेकंद. मी वहीत लिहिलं.

"वीरभद्राची सांगू? यजमान गेले त्या वर्षी मी वर्गाला जायला लागले. रडू यायचं नाही, राग यायचा. सगळ्यांवर. तुझी आत्या सांगायची, सती गेल्यावर शंकरानं जट उपटून जमिनीवर आपटली. त्यातून वीरभद्र उठला, तेव्हा हात वर. यज्ञात बसलेला दक्ष दिसला, तेव्हा हात दोन्ही बाजूंना. मग झेप, दक्षाचं शिर उडालं. बाकीचे इथं थांबतात. ती थांबायची नाही. म्हणायची, राग उतरल्यावर शंकरानं मागे वळून पाहिलं, किती जण रडतायत. मग बोकडाचं डोकं लावून दक्षाला उठवला. आता पाय मागे घ्या. हळू घ्या. इथं घाई नको."

त्या खुर्चीत बसल्या. "परत यायचं कसं ते मला त्या पायानं शिकवलं. कुणाला सांगू नकोस, हसतील."

लिहू का असं विचारलं, तर लिही म्हणाल्या.

दादर

गिरगावहून दादरला आता भुयारी मेट्रो आहे. गार, स्वच्छ आणि लवकर नेणारी. वर आल्यावर मात्र फुलबाजारापर्यंत बरंच चालायचं. चप्पल धुता येईल अशी घाला, तिथे पायाखाली कायम ओलं असतं.

हेमाचा पुलाखाली हारांचा गाळा आहे. लग्नाआधी लालबागला राहायची, आत्याच्या सकाळी सहाच्या वर्गाला असायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी.

"काय गं सायली, फुलं घेणार का नुसतं बघणार?"

"गोष्ट हवीय. भगीरथाची."

"बापरे, ती! टाइम आहे का तुझ्याकडे?" तिची सुई थांबली नाही. झेंडू, झेंडू, शेवंती, झेंडू. "ऐक. सगर राजानं यज्ञाचा घोडा सोडला. घोडा गायब. साठ हजार पोरं शोधायला गेली, पृथ्वी खणली, पाताळात कपिलमुनी बसलेले. त्यांनाच चोर म्हणाली ती येडी. मुनींनी डोळे उघडले, खलास. मग नातू अंशुमान तपाला बसला, म्हातारा होऊन गेला. त्याचा मुलगा दिलीप, तोही गेला. आणि आमचा पाय वरच! मग भगीरथ. ब्रह्मदेव म्हणाला गंगा देतो, पण तिला झेलणार कोण? की परत उभा राहा शंकरासाठी. शंकरानं झेलली, तर जटेतच अडकली! परत तप! आम्ही विशीतल्या होतो ना, तुझी आत्या सोडायचीच नाही यार."

एक मिनिट बावन्न सेकंद.

"हेमा, इंदूताईंची चोवीस सेकंदांत संपते."

"मग त्यांची चुकीची असेल. किंवा माझी. तुला काय फरक पडतो?"

फरक पडत होता. एकाच वस्तूची दोन मापं इतकी लांब आली तर आधी उपकरणावर संशय घ्यायचा, असं आम्हाला शिकवतात. इथे उपकरण म्हणजे आत्या. वहीत मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि बघत राहिले.

निघताना हेमानं मोगऱ्याचा गजरा पुडीत बांधून दिला. "आत्याला दे. आणि सांग, मत्स्येंद्रनाथ अजून आठवतो. शंकर पार्वतीला योग सांगत होते, पार्वतीचा डोळा लागला, माशाच्या पोटातून भलताच कुणीतरी ऐकत राहिला. कंबर वळवून मागं बघायचो तेव्हा ती म्हणायची, ज्याच्यासाठी सांगतो तोच ऐकतो असं नाही. मी तेव्हा झाडू मारायला यायचे हॉलमध्ये. दारातून ऐकायचे. मग तिनं मला चटई दिली."

परळ

दादरला थालीपीठ आणि पियूष घेऊन मी परळला चालत गेले. पंचवीस मिनिटं, सावलीच्या बाजूनं. टॅक्सी करू नका, सिग्नलमध्ये तेवढाच वेळ जातो.

शेवंताकाकी ब्याऐंशीच्या. यजमान गिरणीत होते. चाळ पडून टॉवर झाला आणि काकींना बाविसाव्या मजल्यावर घर मिळालं. आत्याच्या वर्गात त्या पहिल्या रांगेत, भिंतीजवळ. माझा गजर ऐकून सर्वांत आधी यायच्या बंद झाल्या त्या याच. दार उघडून त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"इलंस? तुजी ती शिट्टी आणलंस मां?"

"नाही काकी. चुकलं माझं."

"बस गो. सोलकढी घे."

मी वही काढली आणि दोन्ही आकडे त्यांच्यापुढे ठेवले. चोवीस सेकंद. एक मिनिट बावन्न. कुठलं बरोबर?

काकी इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. मग उठल्या, एका हातानं खिडकीचा गज धरला आणि पाऊल घोट्याला टेकवलं. त्याहून वर जात नाही.

"हय बघ. माझ्या तोंडाकडे नको, पायाकडे बघ."

घोटा आधी स्थिर होता. मग कडेला बारीक हलायला लागला. मग पोटरी थरथरली.

"इली गंगा," काकी म्हणाल्या आणि पाय खाली ठेवला. "तुजी आत्या गोष्ट सांगताना कोणाच्या तोंडाकडे बघी नाय. पायांकडे बघी. सगळ्यांत कमजोर पाय खयचो, ता तिका म्हायत. माझो पाय थरथराक लागलो की भगीरथाक गंगा गावली. इंदूच्या वर्गात इंदूचो गुडघो. त्या हेमासारख्या चेडवांच्या वर्गात कोणाचो पायच हलत नसा, मगे घोडो काय, नातू काय, सगळे येत." त्या बसल्या. "कोणाक कळाक देय नाय, की गोष्ट आपल्यासाठी संपली. तुझ्या मोबायलाक माझो पाय दिसता काय गो?"

मी वहीतले दोन्ही आकडे खोडले. चूक काढायला जागाच नव्हती.

जिन्यानं उतरले. बावीस मजले. लिफ्ट चालू होती.

लालबाग

परळहून लालबाग पायी. मसाल्यांच्या दुकानांवरून जाणार असाल तर रुमाल हाताशी ठेवा, मिरच्या कांडायचं काम चालू असतं. मी चार वेळा शिंकले. पाव किलो चिवडा घेतला, आत्याला आवडतो, पण घशामुळे अजून महिनाभर खाता येणार नाही हे पिशवी हातात आल्यावर आठवलं. तो मीच खाल्ला.

आत्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. गजरा दिला, तिनं हुंगला आणि डबीत ठेवला. मी काही न सांगता ओट्यासमोर उभी राहिले, उजवं पाऊल डाव्या मांडीला लावलं आणि घोड्यापासून सुरू केलं. मी गोष्ट सांगणारी नाही. अंशुमान आणि दिलीप यांची अदलाबदल झाली, तिच्या कपाळाला आठी पडली, मी दुरुस्त केलं. तिनं माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. कोथिंबीर बाजूला ठेवून ती माझ्या घोट्याकडे बघत होती. ब्रह्मदेवापर्यंत आले तेव्हा मला वाटत होतं मी अजून बराच वेळ उभी राहू शकेन. तिनं पाटीवर पेन्सिल वाजवली. टक्.

मी म्हटलं, "आणि गंगा आली."

पाय खाली ठेवल्यावर कळलं, पोटरी थरथरत होती. मला माहीत नव्हतं. तिला होतं.

मग मी विचारलं, शनिवारी किल्ली द्यायलाच हवी का. तिनं पाटी पुसली, लिहिलं, "बघू." आणि कोथिंबीर पुढे ओढली.

तुम्हाला ही फेरी करायची असेल तर एक दिवस पुरतो. मिसळ, थालीपीठ आणि बाविसाव्या मजल्यावरची सोलकढी चुकवू नका, फक्त सोलकढीसाठी ओळख लागते. माझ्याकडे त्या दिवसाचं खोडलेलं एक पान उरलंय आणि तीन गोष्टी. त्यातली एक मला नीट येते. शवासनाला गोष्ट नाही, तेव्हा आत्या फक्त प्रत्येकीच्या पायांवर चादर ओढत फिरते. ते तिला आजही करता येईल.

आत्या, तू माझा ब्लॉग वाचत नाहीस असं म्हणतेस आणि दुपारी तीनला वाचतेस, म्हणून इथेच लिहिते. गोष्ट मी सांगेन. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल. तू पुढे खुर्चीत बसून पाय बघायचे आणि पेन्सिल वाजवायची. शेवंताकाकी यायला तयार आहेत, मी विचारलंय. किल्ली शनिवारी द्यायची असेल तर मला त्याआधी कळायला हवं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळव. पाटीवर लिहिलंस तरी चालेल.