भागूबाईनं चाखलेला टोस्ट

डब्याचं झाकण उघडलं आणि भागूबाईनं पदर नाकाला लावला. "शी शी शी! मोहनराव, ह्ये नासलंय वो!"

"न्हाय नासलेलं. चीज म्हंत्यात त्याला. पुण्यासनं मुद्दाम मागवलंय." मोहनराव म्हणजे दूध संघाच्या विश्रामगृहाचे व्यवस्थापक. इंदापूर रस्त्यावरच्या त्या विश्रामगृहात भागूबाई नऊ वर्षं रोजंदारीवर रांधत होती. "दुपारी डेअरीच्या मशिनी इकणारे पाव्हणे येणार हायेत. त्यांना पावाचं भाजलेलं तुकडं आन् वर ह्ये. पाव्हणे खूश झाले, तर आजच अध्यक्षांना सांगून तुमचं नाव कायम करून घेतो बघा."

कायम! नऊ वर्षं हाच एक शब्द ऐकायला तिचे कान आसुसले होते. पण त्या पिवळ्या गोळ्याकडं तिला बघवत नव्हतं. पिंपळीच्या या धनगराच्या लेकीचं लहानपण मेंढरांमागं गेलं होतं, पण भिजलेल्या घोंगड्यालाही असा वास नसायचा. घरी दूध नासलं तर कुत्र्यापुढं ओतायचं, आणि इथं तेच नासवून, डब्यात भरून, वर पैसे मोजायचे. शिकलेल्या माणसांच्या जिभा किडल्यात की काय, असं तिला मनापासून वाटलं.

तिनं पदर नाकावरून घेऊन मानेमागं गच्च बांधला आणि कामाला लागली. चीज किसताना बोटं बुळबुळीत झाली. तिनं ती तीनदा साबणानं धुतली, तरी वास जाईना. कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरून किसात कालवली, आणि निदान मिठानं तरी हा घाणेरडा वास मरेल म्हणून मूठभर मीठ टाकलं.

भागूबाईची जन्माची रीत होती. देवाच्या आणि पाहुण्याच्या आधी रांधलेल्याला तोंड लावायचं नाही. मीठ कमी की जास्त ते तिला वाफेच्या वासावरून कळायचं, आणि नऊ वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. पण आज नाकच बांधलेलं होतं.

पावाचे तुकडे लोण्यावर खरपूस भाजून, वर सारण पसरून तिनं तव्यावर झाकण ठेवलं. चीज वितळून बुडबुडे आले, तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

ताट बाहेर गेलं. भागूबाई दाराच्या फटीतून बघत होती. टाय लावलेल्या पाहुण्यानं घास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि रुमालात थुंकला. सकाळपासून तिचं स्वतःचं तोंड अगदी तसंच झालेलं होतं.

मोहनराव ताट घेऊन परत आले. रागानं लालबुंद. "मीठवड्या केल्यात का काय? चीज मुळातच खारट असतंय! चाखलं न्हाय व्हय तुमी?"

"पाव्हण्याच्या आदी कसं चाखू?"

"चाखा! आता निस्ता चहा देतो त्यांना. पंधरा मिंटं हायेत तुमच्या हातात."

अर्धा डबा उरला होता. तिनं पदर सोडला. बिनमिठाचं सारण कालवलं, पहिला तुकडा भाजला. मग देवाची माफी मागून, डोळे मिटून, ओकारी दाबत तिनं तो तोंडात टाकला. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा.

मीठ बरोबर होतं. दुसरं ताट बाहेर गेलं आणि रिकामं परत आलं. "झालं तुमचं काम, भागूबाई," मोहनराव म्हणाले. तिनं रिकामं ताट घासायला घेतलं.

घरी आल्यावर तिनं राखुंडीनं हिरड्या दुखेपर्यंत दात घासले. सून म्हणाली, "आत्या, निवद करताय न्हवं?"

"तूच कर. हितनं पुढं तूच करत जा."

"का वो?"

भागूबाई उठून अंगणात गेली आणि पुन्हा चूळ भरली. तिला स्वतःचीच किळस आली होती. चाखायला एक तुकडा पुरतो. ताट बाहेर पाठवायच्या आधी तिनं चार खाल्ले होते.