आईच्या कनवटीचा कोड

आमच्या घरचा संगणक अख्ख्या सिडको वसाहतीत सर्वांत सुरक्षित आहे. ही बढाई नव्हे, याला माझ्या सासुरवाडीचं भरलेलं मंगल कार्यालय साक्षीदार आहे. (त्या मंडळींनी काय पाहिलं हे त्यांना विचारू नका. ती हसतच सुटतात, मुद्द्याचं बोलत नाहीत.)

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. संगणकाचं रीतसर शिक्षण म्हणाल तर नाही, पण आवड दांडगी. या आवडीपोटीच मी एकदा 'तुमचा संगणक धोक्यात आहे, मोफत संरक्षण घ्या' असं लिहून आलेल्या खिडकीवर क्लिक केलं. फुकट मिळतंय म्हटल्यावर आणखी दोन-तीन संरक्षणंही घेतली. त्यानंतर आमचा संगणक कॅल्क्युलेटर उघडायला सांगितलं की जुगाराच्या जाहिराती दाखवू लागला. शेवटी तो उचलून शहागंजात रफिकभाईंच्या दुकानात नेला. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"साब, चोर पकडने को चोरांच बुला लिये क्या घर में?"

त्या दिवसापासून मी पेटलो! रात्रंदिवस वाचलं, व्हिडिओ पाहिले आणि घरात कडक कायदा लागू केला. बाहेरचा पेन ड्राइव्ह घरात आणायचा नाही आणि घरातला बाहेर न्यायचा नाही. अनोळखी ईमेल उघडायचा नाही. फुकट म्हणून काही उतरवून घ्यायचं नाही. माझ्या ईमेलला मी दुहेरी कुलूप घातलं: पासवर्ड टाकला तरी फोनवर एक कोड येणार आणि तो टाकल्याशिवाय दार उघडणार नाही. हा कोड कुठल्या फोनवर मागवायचा, यात तर माझी खरी अक्कल दिसली. माझ्या स्मार्टफोनमध्ये स्पायवेअर शिरू शकतं. आईच्या बटणाच्या फोनमध्ये काय शिरणार? त्यात धड गाणंही शिरत नाही. तेव्हा कोड यायचा आईच्या फोनवर, आणि आईचा फोन चोवीस तास आईच्या कनवटीला.

"आई, हा आकडा कुणालाही सांगायचा नाही," मी बजावलं.

"बँकेवाल्यानं मागितला तर?"

"नाही."

"पोलिसानं?"

"नाही! अगं, हल्ली चोर हुबेहूब आवाज काढतात. मी स्वतः फोन करून मागितला तरी द्यायचा नाही. समजलं?"

"समजलं," आई म्हणाली. माझी आई एखादी गोष्ट समजली असं म्हणते तेव्हा ती खरंच समजलेली असते. हे मी त्या वेळी ध्यानात घ्यायला हवं होतं.

माझ्या कर्तबगारीचा बोभाटा बायकोमार्फत, म्हणजे सुरेखामार्फत, पिशोरला पोचला. माझे सासरे तिथले अद्रकीचे मोठे बागायतदार, आणि गावात शब्दाला मान असलेले. त्यांना मी मामा म्हणतो. गावात दोघा-तिघांचे संगणक असेच बिघडले होते, तेव्हा मामांनी भर चावडीवर जाहीर केलं, "आमच्या जावईबापूंना बोलावतो. त्यांच्या तोडीचा माणूस जिल्ह्यात नाय!" व्याख्यान ठरलं. मंगल कार्यालय ठरलं. फ्लेक्स लागला. मामांकडे माझा एकच चांगला फोटो होता, तो लग्नातला. त्यामुळे 'घरच्या संगणकाचे व्हायरसपासून संरक्षण' या अक्षरांखाली मी मुंडावळ्या बांधून, हातात गुच्छ धरून हसत होतो.

कार्यालयही तेच, जिथे आमचं लग्न लागलं होतं. पहिल्या रांगेत फेटा बांधलेले मामा, शेजारी सासूबाई, मागे बचत गटाच्या बायका, तरुण पोरं, मास्तर मंडळी. मामांनी आपली सगळी अब्रू त्या टेबलावर माझ्यासमोर आणून ठेवली होती म्हणा ना. मी समोरच्या लॅपटॉपवर माझा ईमेल उघडायला घेतला, कारण भाषणाची चित्रं, मुद्दे, सगळं त्यात होतं. (पेन ड्राइव्हवर का नाही आणलं, असं तुम्ही विचाराल. वरचा कायदा पुन्हा वाचा!) पासवर्ड टाकला. पडद्यावर अक्षरं आली: 'कोड टाका.'

काही हरकत नाही. मी घरी सुरेखाला फोन लावला, टाइप करायला हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. तिथेच माइक होता. तो चालू होता.

"सुरेखा, आईच्या फोनवर एक आकडा आलाय बघ. सांग पटकन."

"आईंच्या कनवटीला आहे. आई, हे आकडा मागतायत."

"कोण हे?" आईचा आवाज कार्यालयाच्या चारही कोपऱ्यांत घुमला.

"आई, मी दिलीप!"

"आवाज तर सेम काढलाय गं मेल्यानं!"

कार्यालयात खसखस पिकली. मी माइक बंद करायला गेलो, तर बटण दाबल्यावर तो आणखी मोठ्याने ऐकवू लागला.

"आई, मी खरंच दिलीप आहे. इथं सगळे खोळंबलेत!"

"घाई करतोय बघ. दिलीप म्हणला व्हता, चोर लई घाई करतात." हे मी म्हणालो होतो. शब्दशः म्हणालो होतो. "बरं, दिलीप हायेस ना? मग सांग, ल्हानपणी कशाला भ्यायचास?"

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. मामांनी फेटा सावरला.

"...कोंबडीला," मी हळूच म्हणालो. माइकने मात्र ते हळूच ठेवलं नाही.

"कोणत्या?"

"शेजारच्या काकूंच्या. लाल."

बचत गटाच्या बायका पदर तोंडाशी धरून एकमेकींवर कलंडल्या. मला वाटलं, चला, अब्रू गेली पण कोड तरी मिळाला. छे!

"हे तर समद्या गल्लीला ठाव हाय," आई म्हणाली. "कुणीबी सांगंल. सुरेखा, तू विचार, तुमच्या दोघांतलं."

मग सुरेखाचा गोड आवाज आला, "अहो, आपल्या लग्नाची तारीख काय?"

देवाशपथ सांगतो, मला सगळं आठवत होतं. मंडप आठवत होता, जिलबी आठवत होती, बँडवाल्याचा फाटका बूट आठवत होता. ज्या स्टेजवर माळ घातली त्याच स्टेजवर मी उभा होतो! "उन्हाळा होता," मी सुरुवात केली.

"तारीख."

"लाइट गेली होती, तुझ्या काकांना घेरी आली होती—"

"तारीख, अहो."

मी डोळे मिटून एक तारीख ठोकून दिली. डोळे उघडले तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता, आणि मामा समोरून खणखणीत आवाजात म्हणाले, "बापू, ती साखरपुड्याची!"

"ऐकलंस?" फोनमधून आई गरजली. "चोर हाय! ठेव फोन!"

"थांबा आई," सुरेखा म्हणाली. "हेच आहेत ते. चोर असता तर तारीख पाठ करून आला असता."

अख्खं कार्यालय हसून फुटलं! मागच्या रांगेतला एक म्हातारा हसता हसता खुर्चीसकट मागे गेला, त्याला दोघांनी धरलं. मीही निर्लज्जासारखा हसलो, कारण ओळख तर पटली होती. "झालं ना आई? आता दे आकडा."

"नाय."

"अगं, पटलं ना मी आहे ते!"

"व्हय, पटलं. तूच हायेस. पर तूच म्हणला व्हता, मी मागितला तरी द्यायचा नाय. मंग? काल एक आन् आज एक? तुझ्या बोलण्याला किंमत हाय का नाय?"

आणि फोन बंद. मी 'कोड टाका' म्हणणाऱ्या पडद्यासमोर उभा. चित्रं नाहीत, मुद्दे नाहीत, आणि पहिल्या रांगेत माझ्या भरवशावर फेटा बांधून बसलेले मामा. त्यांनी मान खाली घातली होती. तेवढ्यात बचत गटातली एक बाई उभी राहिली.

"ती बाई कोण व्हती?"

"माझी आई."

"लई जब्बर बाई हाय! अशी घरात असल्यावर कोण लुटतंय?"

तिने टाळी वाजवली आणि तिच्यामागून सगळ्यांनी. तेव्हा माझा ऊर असा भरून आला की काय सांगू! माझं सगळं ज्ञान त्या टाळ्यांत वाजत होतं, फक्त ते माझ्यापाशी नव्हतं, घरी आईच्या कनवटीला होतं. मग मी भाषणबिषण बाजूला ठेवलं आणि आमची सगळी कहाणी सांगितली. फुकटचं संरक्षण, जुगाराच्या जाहिराती, रफिकभाईंचा टोमणा, पेन ड्राइव्हचा कायदा, सगळं. बायका मधे मधे प्रश्न विचारत होत्या, पोरं फोनमधली नको ती अॅप तिथेच काढून टाकत होती. मामांची मान हळूहळू वर आली.

शेवटी सत्कार. मामा शाल उलगडत स्टेजवर आले. मी खांदे पुढे करून नम्रपणे वाकलो. शाल काही येईना. वर पाहिलं तर मामा तिची घडी घालत होते.

"ही विहीणबाईंना द्या," ते म्हणाले. "पुढच्या बारीला त्यांनाच धाडा. तुम्ही गाडी चालवत या."

संध्याकाळी घरी आलो. आईने शाल पांघरली, आरशात पाहिलं, परत पांघरली. मी जरा रागातच होतो, पण तिचा तो तोरा पाहून राग टिकेना. पासवर्ड मात्र मी साऱ्या गावासमोर टाइप केला होता, तेव्हा तो बदलणं भाग होतं. मी विचारलं, "आता असा कोणता ठेवू, जो कुणाला कधी कळणार नाही?"

आई शालीची किनार चाचपत म्हणाली, "लग्नाची तारीख टाक गं सुरेखा. ह्याला धरून मारला तरी फुटायची नाय."

सुरेखाने पाठ फिरवून ती ईमेलला टाकली आणि संगणकालाही. आता आमच्या घरच्या संगणकात ना व्हायरस शिरू शकतो, ना स्पायवेअर, ना मी!