हेमराजभाऊंच्या भिंतीतली आग

वडशाच्या जाफर शेखला कोणतंही काम विचारा, "येत नाही" हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत. राईस मिलची मोटर असो, लग्नाची रोषणाई असो, "होऊन जाते जी" एवढंच तो म्हणायचा. हिवाळ्यात नाटकांचा हंगाम सुरू झाला की मंडळांसोबत गावोगाव लाइट लावत फिरायचा आणि उरलेलं वर्ष घरांची वायरिंग करायचा. त्याने वायरिंग केलेलं एकही घर आजवर पेटलं नव्हतं. पण न लागलेल्या आगीचं कौतुक कोण करतो?

दोन हजार पाच सालच्या डिसेंबरात तांदळाचे व्यापारी हेमराजभाऊ इंग्लंडहून परत आले. त्यांची मुलगी दिव्यानी तिथे नांदत होती. महिनाभर तिच्या घरी राहून भाऊंनी काय काय पाहिलं असेल, पण परत आल्यावर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती.

"भिंतीत आग राह्यते," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. "लाकूड नाई, धूर नाई, राख नाई. बटन दाबलं का जाळ!"

"जन्मभर चुलीतली आग विझवून राह्यली मी," त्यांची बायको सुगंधाबाई म्हणाल्या, "आता यायले भिंतीत लावाची हाये."

नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून भाऊंनी तसलंच यंत्र मागवलं. बैठकीत खोकं उघडलं तेव्हा त्यातून काळ्या काचेचा लांबट लोखंडी डबा निघाला आणि सोबत एक इंग्रजी पुस्तिका. जाफरने पुस्तिकेतली चित्रं उलटसुलट करून पाहिली. चित्रातल्या गोऱ्या माणसाची भिंत आतून पोकळ होती. कपाटात खोकं सरकवावं तसा त्याने डबा आत सरकवला होता आणि तो हसत होता. हेमराजभाऊंची भिंत होती नऊ इंची, पक्क्या विटांची.

"होऊन जाते जी," जाफर म्हणाला.

लटारू गवंडी छन्नी-हातोडा घेऊन आला. वरच्या विटा खाली बसू नयेत म्हणून जाफरने आधी लाकडी टेकू लावले, मग खाच पाडून सिमेंटची आडवी पट्टी घातली. इथपर्यंत काम झकास झालं. गडबड झाली ती भोकाच्या खोलीच्या हिशोबात. डबा आठ इंच, भिंत नऊ इंच, म्हणजे बसलाच पाहिजे, असं जाफरचं गणित. मागची उरलेली इंचभर भिंत लटारूचा हातोडा सहन करणार नाही, हे त्या गणितात आलं नव्हतं. एका घावासरशी मागचा तुकडा पलीकडे गेला. पलीकडे स्वयंपाकघर होतं. लोणच्याची बरणी फुटल्याचा आवाज आला, आणि धूळ बसल्यावर भोकातून सुगंधाबाईंचा चेहरा दिसला. हातात झारा.

"जाफरभाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या, "घराले दरवाजा हाये ना!"

मग डब्याच्या मागे हवेला जागा सोडून स्वयंपाकघरात विटांचा एक फुगवटा बांधावा लागला. सुगंधाबाई तिथून येताजाता त्याच्याकडे अशा पाहायच्या, जणू तो कोणी न बोलावलेला पाहुणा आहे.

उद्घाटनाला अर्धी गल्ली बैठकीत जमली. जाफरने बटन दाबलं आणि काचेमागे नारिंगी जाळ लवलवू लागला. बायकांनी "अगं बाई" केलं. भाऊ म्हणाले, "आता गर्मी चालू कर." जाफरने दुसरं बटन दाबलं. बैठकीतला दिवा लाल झाला, शेजारच्या टीव्हीवरचं चित्र आकसलं, बाहेर खांबावर धाडकन आवाज झाला आणि अख्खी गल्ली अंधारात गेली. शेजारच्या घरातून जे शब्द आले ते मालिकेतले नव्हते.

पोचू लाइनमन शिडी घेऊन आला. काम झाल्यावर त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "भाऊ, हे पुन्हा लावसान तं मी नाई येत."

दुसऱ्या दिवशी जाफरने काच उघडून गरम होणाऱ्या तारेची जोडणी काढली आणि टोकांना टेप गुंडाळला. "जाळ दिसन, गर्मी नाई राहणार," तो भाऊंच्या कानाशी म्हणाला. "पण आता इन्व्हर्टरवरबी चालते. लाइन गेली तरी तुमची आग चालू."

भाऊंनी थोडा विचार केला. "कोणाले सांगू नको."

त्या संध्याकाळी लोक पुन्हा जमले. कडाक्याची थंडी होती. भाऊंनी विचारलं, "ऊब येऊन राह्यली ना?"

"येऊन राह्यली तं!" म्हणत लोकांनी तळवे पुढे केले. एका म्हाताऱ्याने तर मफलर काढून ठेवला. जाफर कोपऱ्यात उभा होता. पुढे तो सांगायचा, "खुदा कसम, माह्या हाताले बी गरम लागलं."

गर्मी नसल्यामुळे आगीला हंगामही उरला नाही. भर मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, भाऊ पाहुण्यांना कूलरसमोर बसवायचे आणि आग चालू करून दाखवायचे.

पुढच्या हिवाळ्यात दिव्यानी माहेरी आली. स्टेशनहून कुडकुडत येऊन ती थेट आगीसमोर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, हे गरम नाही होत."

"होते ना," भाऊ म्हणाले. शेजारचे दोघेही म्हणाले, होते. शेवटी जाफरला बोलावणं गेलं.

जाफरने भाऊंकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ताई, तुमी थंड मुलखातून आल्या. इथली गर्मी तुमाले एकदम नाई समजाची."

सुगंधाबाईंनी लेकीच्या खांद्यावर शाल टाकली.

तोवर बाजारातल्या दुसऱ्या व्यापाऱ्यांनाही आग हवी झाली होती. नागपूरचा डबा महाग, म्हणून जाफरने नाटकातली युक्ती काढली. पत्र्याची पेटी, नारिंगी बल्ब, खाली छोटा पंखा आणि त्यावर फडफडणाऱ्या सॅटिनच्या पट्ट्या. गिऱ्हाईकाला तो आधीच सांगायचा, "हिच्यात गर्मी नाई."

"हेमराजभाऊची तं गरम हाये."

"तिच्याएवढी गरम राहीन," जाफर म्हणायचा, आणि सौदा पक्का व्हायचा.

चिमूरपर्यंत त्याचं नाव गेलं. नाव झालं ते मात्र 'आगवाला जाफर'. आता वायरिंगच्या माणसाच्या नावात आग शिरली की काय होणार? हळूहळू नव्या घरांची कामं येईनाशी झाली. नाव ऐकूनच लोक बिचकायचे.

"पूरी जिंदगी आग से बचाया लोगों को," त्याची बायको मलिका पदरात तोंड लपवून हसायची, "और नाम देखो क्या मिला."

एक दिवस खेड्यावरून वारलू नावाचा शेतकरी आला. धानाचं पीक चांगलं झालं होतं, नवं घर बांधलं होतं. जाफरने आनंदाने पिशवीत पकड, टेस्टर, टेप भरायला घेतला.

"वायरिंग झाली जी," वारलू संकोचून म्हणाला. "गावातल्या बिरजूकडून करून घेतली. घरचे म्हणे, नव्या घरात आगवाल्याच्या हातची वायरिंग नको. बैठकीत आग तेवढी तुमच्या हातची पाहिजे."

जाफरने हातातला टेस्टर पिशवीत टाकला. मग त्याने पत्र्याची पेटी सायकलला बांधली आणि वारलूसोबत निघाला.

भिंत नवीच होती, प्लास्टर पुरतं वाळलंही नव्हतं. फोडायला सोपी गेली.